एक्स-ला-शापेल नेमकं आहे कुठे?

शुक्रवार

जर्मनीतल्या क्योल्नच्या, म्हणजे इंग्रजीतल्या कोलोनच्या, स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथीड्रल अंगावरच येतं. पाया १२४८ सालचा, मनोरे पूर्ण झाले १८८० साली, उंची १५७ मीटर. त्याच्याबद्दल आजवर इतक्यांनी लिहिलंय की मी भर घालत नाही. भाची मला घ्यायला आखनहून आली होती. ती तिथे एमएस करते. "मावशी, बॅग लॉकरमध्ये टाक, संध्याकाळच्या गाडीने जाऊ. तोवर तुला एक वास दाखवते," म्हणाली.

नगरभवनासमोर फरीना या मूळच्या इटालियन कुटुंबाचं जुनं दुकान आहे. १७०९ साली इथे सुगंधी पाण्याचा धंदा सुरू झाला, तो अजून चालू आहे. बाटलीचं बूच उघडलं आणि मी थेट आजोळच्या माजघरात पोचले. आमच्या लहानपणी ताप चढला की कपाळावर युडिकोलोनच्या पट्ट्या ठेवत. आजी त्याला 'कोलनवॉटर' म्हणायची. त्या बाटलीचं नाव फ्रेंच होतं, 'ओ द कोलोन', म्हणजे 'कोलोनचं पाणी'. त्या काळी उंची मालाची भाषा फ्रेंच होती. त्यामुळे जर्मन गावात इटालियन माणसाने काढलेलं अत्तर फ्रेंच नाव घेऊन जगभर गेलं आणि आमच्या फडताळात येऊन बसलं.

खुद्द गावाचं नाव आणखी जुनं, लॅटिन. इ. स. ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसने या ठाण्याला 'कोलोनिया'चा, म्हणजे रोमन नागरिकांच्या वसाहतीचा दर्जा दिला. तो दिला बायकोच्या हट्टापायी. अग्रिपिना इथेच जन्मली होती. पूर्ण नाव 'कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम'. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार! लोकांनी पहिला शब्द ठेवला, बाकीचे गाळले. सम्राट गेला, राणी गेली, आणि उरली नुसती 'वसाहत'. तिचं जर्मनांनी क्योल्न केलं, डचांनी क्योलन, पोलिशांनी कोलोनिया. चेकांच्या देशात आधीच एक कोलिन होतं, म्हणून ते याला 'ऱ्हाईनवरचं कोलिन' म्हणतात. इथल्या बोलीत नुसतं 'क्योल्ल'. १९१९ पर्यंत सरकारदरबारी स्पेलिंग 'सी'ने सुरू व्हायचं. ते 'के'ने करण्याचा निकाल लागला तेव्हा महापौर होते कोनराड आडेनाउअर, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सेलर झाले तेच.

अग्रिपिना म्हणजे नीरोची आई. हे लक्षात ठेवा, रविवारी उपयोगी पडेल.

आखनला जायला तासाभराची गाडी. खिडकीबाहेर बीटची शेतं, पवनचक्क्या, मध्येच ड्युरेन. शाळेत मी बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि पहिल्या कर्नाटक युद्धाचा शेवट दरवर्षी एकाच वाक्याने केला: १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहाने मद्रास इंग्रजांना परत मिळालं. फळ्यावर नाव लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "बाई, एक्स म्हणजे किती?" वर्ग हसायचा, मीही हसायचे. पण हे गाव नकाशावर दाखवा असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी ऑक्सफर्डच्या अॅटलासात त्या नावाचं गाव सापडलं नसतं. तिथे छापलेलं असतं आखन.

उच्चारही इथे आल्यावरच नीट कळला. 'आ' लांब, 'ख' घशातून खरवडून, 'न' जेमतेम. भाचीने गाडीत दोन-तीनदा म्हणून घेतलं. समोरच्या आजोबांनी मान डोलावून पास केलं.

शनिवार

सकाळी एलिझेनब्रुनेन. पांढऱ्या खांबांची लांब पडवी, मध्ये गोल दालन. शिंकेल आणि क्रेमर या वास्तुविशारदांनी आखलेली ही इमारत १८२७ मध्ये खुली झाली. नाव प्रशियाच्या युवराज्ञी एलिझाबेथचं. लांबून देखणी दिसते, पण जवळ गेलं की नाकाला पदर लावावा लागतो. गंधक. वज्रेश्वरीला कुंडाकडे वळलं की येतो ना, अगदी तोच कुजक्या अंड्याचा दर्प. पाणी सुमारे ५२ अंशांचं. मी बोट घातलं आणि पटकन काढलं. हे पिण्याचं पाणी नाही अशी पाटी आहे, तरी एक गृहस्थ ओंजळीने खुशाल पीत होते. भिंतीतल्या संगमरवरी फळ्यांवर इथे स्नानाला येऊन गेलेल्या बड्या लोकांची नावं कोरली आहेत.

या गावाचं नाव म्हणजे हे पाणी. जुन्या जर्मनमध्ये पाण्याला 'अहा' म्हणत. लॅटिन 'आक्वा' त्याचं सख्खं भावंड. रोमन सैनिक इथे येऊन अंग शेकत, त्यांची न्हाणीघरं आजच्या कॅथीड्रलच्या खाली सापडली आहेत. लिखित उल्लेख मात्र पुष्कळ उशिराचा. ७६५ साली फ्रँक राजा पेपिनने नाताळ इथे साजरा केला, त्या नोंदीत गावाचं नाव आहे 'आक्विस'. हे विभक्तीचं रूप आहे बरं का. 'पाणी' नव्हे, 'पाण्यांपाशी'. राजा कुठे आहे, तर पाण्यांपाशी. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच गावाला नाव म्हणून चिकटलं. म्युनिकचंही तसंच, 'भिक्षूंपाशी'.

मध्ययुगीन कागदांत पुढे 'आक्विसग्रानी' येतं. हा ग्रानी म्हणजे ग्रान्नुस, केल्ट लोकांचा रोग बरे करणारा देव. रोमनांनी त्याला आपल्या अपोलोशी जोडून टाकलं. आजारी सम्राट काराकाल्लाने ज्या देवांना साकडं घातलं त्यांत ग्रान्नुसही होता, असं कॅसियस डियो हा इतिहासकार लिहितो. गावाचं मूळ रोमन नाव म्हणून 'आक्वे ग्रान्नी' सगळीकडे छापतात, पण ते रोमन काळातल्या कुठल्या लेखात मिळत नाही. विद्वानांनी मध्ययुगातल्या रूपांवरून मागे जाऊन ते बांधलं आहे. मला ते पटतं. गरम पाण्याच्या झऱ्याला देव नसेल असं होणं कठीण.

मग फ्रेंच. 'आक्विस' त्यांच्या तोंडात झिजत झिजत 'एक्स' झालं. पण झरे काय एकाच ठिकाणी असतात? दक्षिणेत एक्स-आँ-प्रोव्हाँस, आल्प्सच्या पायथ्याशी एक्स-ले-बँ, सगळी गरम पाण्याचीच गावं. ओळखायचं कसं? म्हणून इथल्या एक्सला शेपूट लावलं, 'ला शापेल', चॅपलवालं एक्स. विद्यार्थ्याच्या त्या एक्सची किंमत अखेर निघाली: एक्स बरोबर पाणी.

ते चॅपल दोन मिनिटांवर आहे. पेपिनचा मुलगा शार्लमेन, जर्मनांचा कार्ल, याला इथल्या झऱ्यांची भारी आवड. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की पोहण्यात राजाचा हात कुणी धरत नसे, आणि तो मुलांना, सरदारांना, मित्रांना, कधी अंगरक्षकांनासुद्धा पाण्यात बोलावी. शंभर शंभर माणसं एकदम डुंबत. त्याने राजवाडा इथे बांधला तो या पाण्यासाठी, असं आइनहार्डचं म्हणणं. राजवाड्याशेजारी बांधलेलं अष्टकोनी चॅपल म्हणजे आजच्या कॅथीड्रलचा गाभा. ८१४ च्या जानेवारीत राजा वारला आणि इथेच त्याला पुरलं. ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे होत. युनेस्कोच्या यादीत १९७८ साली गेलेलं हे जर्मनीतलं पहिलं ठिकाण.

सिंहासन वरच्या सज्जात आहे, ते पाहायचं तर वाटाड्याबरोबरच जावं लागतं. रत्नजडित काहीतरी डोळ्यांसमोर असेल तर विसरा. संगमरवराच्या साध्या फळ्या, कडा झिजलेल्या. या फळ्या जेरुसलेमच्या पवित्र थडग्याहून आणल्या असं परंपरा सांगते. बाजूच्या फळीवर वाटाड्याने बॅटरीचा झोत तिरपा टाकला आणि मी चक्क ओरडले. नवकंकरी! एकात एक चौकोन, मधून जोडरेघा, आपल्याकडे किल्ल्यांवर आणि लेण्यांच्या फरशीवर कोरलेला असतो तोच पट. ती फळी सिंहासनाला लागण्याआधी कुठेतरी जमिनीवर असणार आणि तिच्यावर रोमन शिपाई खेळत असणार, असा कयास आहे. त्यावर मग पवित्र रोमन साम्राज्याचे राजे बसले. वाटाड्याला मी खेळाचं मराठी नाव सांगितलं, त्याने वहीत उतरवून घेतलं.

'चॅपल' हा शब्दही या फ्रँक राजांच्याच घरचा. संत मार्टिनचा झगा ते अवशेष म्हणून सांभाळत. झग्याला लॅटिनमध्ये 'काप्पा', त्यावरून तो ठेवायची जागा 'काप्पेल्ला'. आता जगभरचं कुठलंही छोटं देवालय चॅपल असतं.

बाहेर येताना कांस्याच्या दाराची गोष्ट ऐकली. बांधकामाचे पैसे संपले, गावकऱ्यांनी सैतानाकडून कर्ज काढलं. अट अशी की आत शिरणारा पहिला जीव त्याचा. गावकऱ्यांनी लांडगा आत सोडला. सैतानाने संतापून दार आपटलं, त्यात त्याचा अंगठा सिंहमुखाच्या कडीत तुटून राहिला. बोट घालून चाचपलं तर अंगठ्यासारखं काहीतरी लागतं खरं. प्रत्येक जण चाचपतो, त्यामुळे सिंहाचं तोंड गुळगुळीत झालंय.

दुपारी भाचीने गावाचं एक खास दुखणं सांगितलं. जर्मनीत झऱ्यांच्या अधिकृत गावांना नावाआधी 'बाद' लावता येतं, म्हणजे स्नानतीर्थ. आखनला तो हक्क आहे, पण गाव तो लावत नाही. का? तर 'बाद आखन' केलं की वर्णक्रमाने लावलेल्या यादीत पहिला नंबर जातो! मला हे फार आवडलं. मात्र लगेच फोनवर शोधलं तर दक्षिणेत स्विस सीमेजवळ 'आख' नावाचं चिमुकलं गाव निघालं. अक्षरं बघता त्याचा नंबर आखनच्याही आधी. आणि तिथे काय आहे? जर्मनीतला सर्वांत मोठा झरा. भाची म्हणाली, "हे इथे कुणाला सांगू नकोस."

रात्री तिच्या स्वयंपाकघरात मित्रमंडळी जमली. मी साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाणे तुर्की दुकानातून. एक पोलिश मुलगी, एक स्पॅनिश मुलगा, एक चेक मुलगी, शिवाय मास्ट्रिख्टहून आलेला डच मुलगा. मी प्रत्येकाला विचारलं, घरी फोनवर गावाचं नाव काय सांगता? पोलिश मुलीने फोन दाखवला. तिच्या भाषेतल्या नकाशावर लिहिलं होतं 'अक्विझग्रान'. स्पॅनिश मुलगा म्हणाला 'आकिसग्रान', आणि त्याच्या आजीला हे जर्मनीत आहे यावर अजून विश्वास नाही. डच मुलगा सरळ 'आकन'. चेक मुलगी खाता खाता म्हणाली, 'त्साखी'. सगळे थांबले. हे कुठून आलं? तिने सांगितलं, जर्मनमध्ये 'आखनला' म्हणताना पुढे 'त्सु' किंवा जुन्या बोलीत 'त्से' येतं. चेकांनी ते 'त्से आखन' एका दमात ऐकलं आणि अव्ययासकट नाव करून टाकलं.

माझ्या डोक्यात यातून एक अंदाज बसत गेला. ज्यांना हे गाव कागदातून भेटलं त्यांनी लॅटिन नाव उचललं, देवासकट. स्पेनचा राजा पहिला कार्लोस, म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स, याचा १५२० मधला अभिषेक इथलाच. स्पेनला त्याच्या बातम्या लॅटिनमधूनच जाणार. पोलंडमध्येही लिहिणारे लॅटिनवालेच होते. डच शेजारी रोज चालत येत, त्यांनी कानावर पडलं ते घेतलं. चेकांचंही कानातूनच आलं असावं, कारण बोहेमियाचे यात्रेकरू इथल्या अवशेषांच्या दर्शनाला येत आणि बोहेमियाचाच राजा असलेल्या सम्राट चौथ्या कार्लने त्यांच्यासाठी इथे वेगळी वेदी करून दिली होती. फ्रेंचांनी दोन्ही केलं. कानाने घेतलं, आणि डोळ्यांना चॅपल दिसलं ते जोडलं.

चेक मुलीने जाता जाता आणखी एक सांगितलं. तिच्या भाषेत राजाला 'क्राल', पोलिशमध्ये 'क्रुल', रशियनमध्ये 'करोल'. हे सगळे शब्द कार्ल या नावावरून, म्हणजे या शार्लमेनवरूनच आले.

रविवार

दुकानं बंद, रस्ते रिकामे, रिमझिम. नगरभवन मात्र उघडं. चौदाव्या शतकातली ही इमारत शार्लमेनच्या राजदरबाराच्या पायावर उभी आहे. तिच्या पूर्वेकडचा बुरूज त्याच्याच काळचा, आणि त्याचं नाव 'ग्रानुसटुर्म'. ग्रानुसचा बुरूज. मध्ययुगापर्यंत लोक तो केल्ट देव पार विसरले होते. नावात 'ग्रान' आहे तर कुणीतरी ग्रानुस असलाच पाहिजे, असं धरून त्यांनी एक माणूस तयार केला: ग्रानुस, नीरोचा भाऊ, गावाचा संस्थापक. असा भाऊ इतिहासात नाही. पण गंमत पाहा, शेजारच्या क्योल्नला नीरोच्या खऱ्या आईचं नाव मिळालं होतं, तर आखनने खोटा का होईना, त्याच घरातला मुलगा दत्तक घेतला. क्योल्नपुढे मागे राहायचं नाही, हे तेव्हापासूनचं असावं. कार्निव्हलमध्ये अजूनही क्योल्नवाले 'क्योल्ल अलाफ' ओरडतात आणि हे आपल्या बोलीत 'ऑख अलाफ'.

माझं खरं काम वरच्या दालनांत होतं. १७४८ च्या परिषदेला आलेल्या वकिलांची तैलचित्रं तिथे लावली आहेत. विग, रेशमी कोट, हातात कागद. इंग्लंडच्या बाजूने वाटाघाटी करणारा होता चौथा अर्ल ऑफ सँडविच. हो, पावाच्या दोन कापांमध्ये मांस घालून खाणारा, तोच. ऑस्ट्रियाचा काउनिट्झ. भांडण होतं ऑस्ट्रियाच्या गादीचं, १७४० पासूनचं. पण इंग्रज आणि फ्रेंच त्या निमित्ताने अर्ध्या जगात लढले. १७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंच आरमाराच्या ला बूरदोनेने मद्रास घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी फ्रेंचांचा लुईबूर्ग किल्ला घेतला होता. १८ ऑक्टोबर १७४८ ला इथे सह्या झाल्या आणि अदलाबदल ठरली. लुईबूर्ग फ्रेंचांना, मद्रास इंग्रजांना. पाँडिचेरीत फ्रेंच गव्हर्नर ड्यूप्लेचा जीव किती जळला असेल! आरमाराने मद्रासला जे कमावलं, त्या सगळ्यावर एका जर्मन गावात बसून पाणी सोडलं गेलं. मद्रासच्या लोकांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं.

तह फ्रेंचमध्ये लिहिला. इतर दरबारांना ते खुपत होतं. म्हणून वेगळं कलम घातलं की फ्रेंच वापरली याचा पुढे दाखला देऊ नये. दाखला दिला गेलाच. इंग्रजांनी तहाबरोबर गावाचं नावही फ्रेंचच घेतलं, आणि इंग्रजांच्या पुस्तकांतून ते आमच्या पाठ्यपुस्तकांत आलं. नेपोलियनच्या काळात तर हे गाव खरोखरच फ्रान्सच्या एका जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, तेव्हा सरकारी कागदांवरही एक्स-ला-शापेलच. नंतर प्रशिया आली. इंग्रजीतही हळूहळू आखन रूढ झालं. तहाचं नाव मात्र कुणी बदललं नाही.

खाली एका बेकरीत प्रिंटेन घेतले. इथला मसाल्याचा बिस्किटवजा प्रकार. नेपोलियनने इंग्रजी मालाची नाकेबंदी केली तेव्हा उसाची साखर मिळेना, म्हणून बीटच्या पाकात करू लागले. काही भलते कडक असतात. मी चहात बुडवले, तर भाचीने चारचौघांत ओळख दाखवली नाही.

सोमवार

बसने सीमा ओलांडून डच फाल्सला. मास्ट्रिख्टची ३५० नंबरची बस. गावाबाहेर पडून उलट बाजूची पाटी पाहिली तर 'आकन'. वर टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडाशी मिळतात. उंची ३२२ मीटर. डचांना तेवढ्याचंही कौतुक, त्यांच्या युरोपातल्या मुलखाचं हे सर्वोच्च शिखर. आइस्क्रीमची गाडी, झाडांचा चक्रव्यूह, तीन देशांत तीन पाय ठेवून फोटो काढू पाहणारी मुलं. अर्ध्या तासात पुरे झालं.

पण इथे पूर्वी चार सीमा मिळत, हे मला माहीत नव्हतं. नेपोलियन पडल्यावर जस्ताच्या एका खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्स यांचं जमेना, तेव्हा १८१६ मध्ये खाणीभोवतीचा टीचभर तुकडा दोघांनी सामाईक ठेवला. नाव 'तटस्थ मोरेस्ने'. तो पहिल्या महायुद्धापर्यंत तसाच चालला आणि १९२० साली बेल्जियमकडे गेला. खाणीचं गाव केल्मिस, फ्रेंचमध्ये ला कालामिन. दोन्ही नावं जस्ताच्या खनिजावरून, कॅलामाइनवरून. आपण घामोळ्यांवर लावतो त्या गुलाबी लोशनचं नाव तेच.

आम्ही आखनला परत येऊन केल्मिसची बस धरली. मला पाहायचं होतं ते तिथे असं काही नव्हतं, नुसतं गाव पाहायचं होतं. १९०८ मध्ये इथल्या काही उत्साही मंडळींनी ठरवलं की या तुकड्याचा स्वतंत्र देश करू आणि त्याची भाषा एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा, ठेवू. सभा झाली, गाणी झाली. देशाचं नाव काढलं 'अमिकेयो', मैत्रीचं ठिकाण. जर्मन नाही, फ्रेंच नाही, डच नाही, कुणाच्याच वाट्याचं नाही. इतकं नि:पक्षपाती नाव या टापूत दुसऱ्या कशाला मिळालं नसेल.

बस थांब्यासमोरच्या कॅफेत मालकीणबाईंना मी विचारलं, अमिकेयो माहीत आहे का? भाचीने जर्मनमध्ये विचारलं, बाईंनी ऐकून घेतलं, आत नवऱ्याला फ्रेंचमध्ये हाक मारून विचारलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की या नावाचं हॉटेल गावात नाही. आम्ही कॉफीचे पैसे दिले. वेशीवरच्या पाटीवर दोन नावं होती, वर केल्मिस, खाली ला कालामिन. पाचची बस आखनला परत निघाली.